थंडी येते खिडकीतून

"पडदा का ओढलायस गं?"

आई व्हिडिओ कॉलवर होती. ठाण्यात रात्रीचे सव्वादहा, इकडे लंडनमध्ये पावणेपाच आणि बाहेर मिट्ट काळोख. हनुकाची, आम्हा ज्यूंच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाची, पहिली रात्र, १४ डिसेंबर २०२५, रविवार. आजीचा पितळी दिवा मी नेहमीसारखाच पुढच्या खोलीच्या खिडकीत टांगला होता, पहिल्या पेल्यातली वात पेटली होती, वरचा शामाश, म्हणजे ज्याने बाकीचे लावायचे तो जादा दिवा, पेटला होता, आणि त्या दोन ज्योतींच्या मागे रस्त्याच्या ऐवजी आमचा जाड निळा पडदा होता. आईचे डोळे हल्ली नीट दिसत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत बसलीय, पण पडदा तिला दिसला. मी म्हटलं, "थंडी येते खिडकीतून." ती "बरं" म्हणाली आणि मग कानवले कसे झाले, सारण कोरडं तर नाही ना पडलं, असं काहीबाही विचारत राहिली. मीही सांगत राहिले. कॉल संपल्यावर मात्र ते वाक्य घशात अडकल्यासारखं झालं. बेचाळीस वर्षांची बाई मी, आणि आईशी थापा मारल्या, त्याही एका पडद्यासाठी.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. सिडनीला तेव्हा संध्याकाळ होती. बाँडाय बीचवर समुद्राकाठी लोक पहिला दिवा लावायला जमले होते, लहान मुलं होती, खाणं-पिणं, गाणी, आणि बापलेक बंदुका घेऊन आले. पंधरा माणसं गेली. त्यात एक दहा वर्षांची मुलगी होती आणि एक ८७ वर्षांचे आजोबा होते जे हिटलरच्या काळातून जिवंत सुटले होते. ते आजोबा मला त्यानंतर कित्येक दिवस दिसत राहिले. म्हणजे त्यांचा फोटो नाही, नुसता विचार, की माणूस तिथून सुटून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जातो, म्हातारा होतो, समुद्राचा वारा खातो, आणि हनुकाच्या पहिल्या रात्री... मी चहा ओट्यावर तसाच ठेवला. नवरा अजून झोपलेला. लेक वरच्या खोलीत. घरात हीटिंग नुकतं सुरू झालेलं, पाइप टकटक करत होते, आणि मी रेडिएटरवर ठेवलेल्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडे बघत बसले होते.

ते तेल मी आदल्या रात्रीच तिथे ठेवलं होतं. इथे डिसेंबरात खोबरेल तेल दगडासारखं थिजतं, चमच्याने खरवडावं लागतं, त्यामुळे हनुकाचे आठही दिवस बाटली रेडिएटरवर. बाकीचे लोक इथे मेणबत्त्या लावतात, रंगीत पाकिटं मिळतात सुपरमार्केटमध्ये, सोपं काम. पण आजीचा दिवा तेलाचाच आहे. भिंतीवर टांगायचा पितळी पत्रा, मधे मागेन दाविदची, म्हणजे ज्यूंची सहा टोकांची, चांदणी, खाली आठ कड्या आणि वर एक, कड्यांमध्ये काचेचे छोटे पेले. पेल्यात खाली पाणी, वर तेल, आणि तेलावर तरंगत्या पत्र्याच्या टिकलीत ओवलेली वात. पेले किती फुटले आणि किती बदलले देव जाणे, पितळ मात्र तेच. चिंच लावून घासलं की अजून लखलखतं.

ठाण्याला आम्ही टेंभी नाक्याजवळ राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, चाळीवजा बिल्डिंगमध्ये. दिवा गॅलरीत. त्यात विचार करण्यासारखं काही होतं असं कुणालाच वाटलं नव्हतं, गॅलरीत वारा लागून वाती विझायच्या म्हणून पप्पा एका बाजूला पुठ्ठा लावायचे इतकंच. खालून येणारी-जाणारी माणसं मान वर करून बघायची. आणि वाती कोण द्यायचं, तर शेजारच्या काकू. संध्याकाळी दारात पाय लांब करून मांडीवर वाती वळत बसायच्या, त्यांच्या देवासाठी लक्ष वातींचं काहीतरी चालू असायचं, आणि दरवर्षी न चुकता आजीला एक पुडी. आठ रात्रींचे मिळून छत्तीस दिवे आणि रोजचा एक शामाश, म्हणजे चव्वेचाळीस. काकूंना हा हिशोब पाठ होता. कधी कधी पंचेचाळीस द्यायच्या, "एखादी तुटली तर." पहिल्या रात्री आमच्या गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या आणि पप्पांची हिब्रू प्रार्थना संपली की जोडलेले हात तसेच डोक्याला लावून म्हणायच्या, "झाली बाई तुमची पण दिवाळी." आजी म्हणायची, "हो, जरा मागनं येते आमची."

काकू गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. वाती अजूनही ठाण्याहूनच येतात, आई फुलवाल्याकडून घेऊन कुणातरी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते. मोजून चव्वेचाळीस.

त्या पडद्याने मला असं मागे मागे नेलं आणि मग एक जुनी गोष्ट आठवली जी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली होती आणि तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आणि आमच्या सणांना मराठी नावं आहेत. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. मग खिरीचा सण. पुरीमला आमचे जुने लोक होळीचा सणच म्हणायचे. तिशा बाअव म्हणजे बिरड्याचा सण, त्या दिवशी वालाचं बिरडं. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, पांढरे कपडे, उपास, कुणाशी बोलणं नाही. सगळ्यांना नावं आहेत, हनुकाला नाही. हनुका आम्हाला माहीतच नव्हता! नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले, पोथ्या समुद्रात गेल्या, आठवणीत शेमा ही प्रार्थना तेवढी राहिली, शनिवार राहिला, सुंता राहिली. हे आमच्यात सांगतात ते. आणि सांगणारे असंही सांगतात की आपण निघालो तेव्हा हनुका घडलाच नव्हता. मक्काबी म्हणजे ज्यू बंडखोर, त्यांनी अंतियोखस या ग्रीक राजाच्या सैन्याला हाकलून यरुशलेमचं मंदिर परत शुद्ध केलं ते इसवी सनापूर्वी १६४ मध्ये, एक दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ती गोष्ट त्यानंतरची. आपले लोक त्याच्या आधीच कोकणात. यातलं इतिहास किती आणि ऐकीव किती यावर विद्वान भांडत बसतात, पण एवढं खरं की हा सण आमच्याकडे फार उशिरा आला, एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, बगदादचे ज्यू मुंबईत आले, त्यांच्याकडून आपण शिकलो.

आणि आमच्या लोकांचा धंदा काय होता तर तेल गाळायचा. शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. अलिबाग, पेण, रोहा, चौल, गावोगाव घाणे. शेकडो वर्षं आमचे बैल तेल काढत गोल गोल फिरत होते आणि तेलाचा सण आम्हाला ठाऊक नव्हता. याचा मला पूर्वी गंमत म्हणून आनंद व्हायचा, लोकांना रंगवून सांगायचे मी. त्या रविवारी रात्री, पडद्याआडच्या त्या दोन ज्योती बघताना मला पहिल्यांदा वाटलं की किती भाग्याची गोष्ट होती ती. जुलूम करणारा राजा, लपवलेलं तेल, जिवावर उदार होऊन लावलेला दिवा, यातलं काही आठवायचीच गरज पडली नाही अशी दीडदोन हजार वर्षं. सोलापूरपासून कराचीपर्यंत जिथे नोकरी मिळाली तिथे आमचे लोक गेले, पण त्यांच्या मुलांना कुणी "ज्यू" म्हणून दगड मारल्याची एक गोष्ट आजीला माहीत नव्हती. आजी सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, मशीद म्हणायची. साधं, सरळ, मशीद. "आज मशिदीत गर्दी होती." त्या शब्दाने कुणाला काही वाटायचं नाही.

मग २००८ आलं. नरिमन हाउस. आजी तेव्हा नव्हती, बरं झालं नव्हती. तिथले राब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची बायको रिवका मारले गेले, दोघंही माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते, आणि त्यांचा दोन वर्षांचा मोशे, ज्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल उचलून घेऊन बाहेर पळाली. तीन दिवस टीव्ही बंद झाला नाही आमच्याकडे. त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांत हनुका होता. ठाण्याच्या शार हशामाइम सिनेगॉगच्या दारात पोलीस आले, त्याच दारात जिथे १८७९ पासून कुणी कुणाला कधी अडवलं नव्हतं. पप्पांनी गॅलरीत पुठ्ठा लावला, दिवा टांगला. मला आठवतंय की मी विचारलं, "पप्पा, या वर्षी आत लावूया का?" पप्पा काहीच बोलले नाहीत, गॅलरीतून खाली बघितलं त्यांनी. खाली इस्त्रीवाला होता, भाजीची गाडी होती, पोरं घरी येत होती, समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड काढत होतं. मग त्यांनी काडी ओढली. काकू आल्या. त्या वर्षी त्यांनी "झाली दिवाळी" म्हटलं नाही, पदर डोळ्याला लावून उभ्या राहिल्या फक्त.

म्हणजे पप्पांकडे कारण होतं, हल्ला अगदी ताजा होता आणि पस्तीसेक किलोमीटरवर झालेला. माझ्यापासून सिडनी सतरा हजार किलोमीटर. तरी पप्पांनी गॅलरी सोडली नाही आणि मी पडदा ओढला. हीच गोष्ट त्या आठवड्यात मला खात राहिली.

इथे आल्यावर पहिली दहा-बारा वर्षं मी सुद्धा बिनधास्त होते हो. ट्रॅफल्गर स्क्वेअरला दरवर्षी मोठा मेनोरा, म्हणजे हनुकाचा दिवा, उभा करतात, लेक कडेवर असताना पहिल्यांदा गेलो होतो, डोनट खाल्ले, तिच्या टोपीवर जॅम सांडला. मग २०२१ च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर बसमधून हनुका साजरा करत जाणाऱ्या मुलांवर काही जण थुंकले, बसवर चपला मारल्या, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. तेव्हाही मी म्हटलं की मोठ्या शहरात असे चार लोक असतातच. ऑक्टोबर २०२३ नंतर मात्र हवाच बदलली. त्या महिन्यात इथल्या काही ज्यू शाळा भीतीने बंद ठेवल्या होत्या. हनुकाच्या तोंडावर पूर्व लंडनच्या एका कौन्सिलने ठरवलं की यंदा आपल्या आवारात मेनोरा नको, वातावरण तापेल, मग लोक बोलल्यावर निर्णय फिरवला. इथे सीएसटी म्हणून संस्था आहे, सिनेगॉगच्या दारात उभे राहणारे स्वयंसेवक त्यांचेच, त्यांच्याकडे २०२४ या एका वर्षात ३,५२८ घटनांची नोंद झाली. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात योम किप्पूरला, आमच्या त्या दारफळणीच्या सणाला, मँचेस्टरच्या सिनेगॉगवर गाडी आणि सुरा घेऊन माणूस आला. आतल्या लोकांनी दारं घट्ट धरून ठेवली. दोन जण गेले. दारफळणी हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, दारं धरून ठेवणं असं त्याचं रूप होईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर पडदा मी या आकड्यांमुळे ओढला नाही. लेकीमुळे ओढला.

ती तेरा वर्षांची आहे. गळ्यात चांदणीची बारीक साखळी असते, आईनेच पाठवलेली, ठाण्याच्या सोनाराकडून घडवून. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की बसस्टॉप जवळ आला की तिचा हात आपोआप मानेकडे जातो आणि साखळी शर्टाच्या आत जाते. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आम्ही तर नाहीच. आपण रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो तसं झालंय ते. त्या रविवारी संध्याकाळी मी दिवा टांगत होते तेव्हा ती जिन्यात बसून बघत होती आणि म्हणाली, "आई, प्लीज पडदा लाव ना. माझ्या वर्गातला एक मुलगा याच रस्त्याने जातो." मी विचारलं, तो काही बोलला का कधी? "नाही. पण त्याला कळलेलं नाहीये अजून." एवढंच. मग मी काय करणार होते? तिला मक्काबींची गोष्ट सांगणार होते? मी पडदा ओढला.

नवरा म्हणाला, अगं धर्मातच सोय आहे की. आहेच. हनुकाचा दिवा दाराबाहेर लावायचा, वरच्या मजल्यावर राहत असाल तर रस्त्याकडच्या खिडकीत, कारण तो दिवा उजेडासाठी नसतोच, त्या उजेडात वाचायचं नाही, काम करायचं नाही, तो फक्त बघायचा आणि दाखवायचा. चमत्कार जगजाहीर करायचा. आणि त्याच जागी तालमूदमध्ये, आमच्या जुन्या धर्मग्रंथात, पुढे लिहिलंय की धोक्याची वेळ असेल तर घरात टेबलावर ठेवा, तेवढं पुरे. किती समजूतदार माणसं होती ती, मला त्या वाक्याचा नेहमी आधार वाटत आलाय. कोणता धोका, तर तालमूदचा जुना भाष्यकार राशी सांगतो की पर्शियन लोकांचा, त्यांच्या सणाच्या दिवशी अग्निमंदिराबाहेर कुणी दिवा पेटवलेला त्यांना चालायचा नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम भायखळा आठवलं, आईचं माहेर, तिथले तिचे पारशी शेजारी. तीच अग्नी पूजणारी माणसं पुढे स्वतःच जीव मुठीत धरून, आग सांभाळत गुजरातच्या किनाऱ्याला लागली, आणि काही शतकांनी मुंबईत आमच्या जिन्यात त्यांची रव्याची वाटी आमच्याकडे आणि आमची कानवल्यांची ताटली त्यांच्याकडे. आई सांगते, समोरच्या पारशी बाई दिवा बघायला यायच्या आणि म्हणायच्या की ज्योतीवर फुंकर नको हं मारू.

तर सोय आहे, पण ती घ्यायची कधी? धोका आहे आणि धोका वाटतोय यात फरक असतो ना, आणि तो ठरवायचा कुणी, मी, की पोलीस, की तेरा वर्षांची मुलगी? दिवा टेबलावर ठेवला असता तर मी रीतसर ती सोय घेतली असती. मी तसंही नाही केलं, खिडकीत टांगला आणि वर पडदा ओढला, आणि आईला सांगितलं थंडी येते.

सोमवारी मी मावशीला फोन केला, इस्राएलमधल्या अश्दोदला. मावशी १९७० च्या आसपास गेली तिकडे, अजून मराठीत शिव्या देते आणि मुलं हिब्रूत उत्तरं देतात. तिच्या दारात काचेची पेटी आहे, तिकडे तशा मिळतात, वारा लागू नये म्हणून, दिवा त्यात ठेवून बाहेर. गेली दोन वर्षं सायरन झाला की म्हातारी काठी टेकत सुरक्षित खोलीत जायची आणि परत येऊन बघायची की दिवे चालू आहेत का. मी तिला पडद्याचं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "पोरीला त्रास देऊ नको. मी इथे बाहेर लावते कारण इथे सगळे लावतात. त्यात माझी काय हिंमत?" हे ऐकून मला रडू आलं. ठाण्यात पप्पांच्या बाबतीतही तसंच असेल का, खालची भाजीची गाडी, इस्त्रीवाला, काकू, हे सगळं बघून त्यांनी काडी ओढली असेल का? विचारायला पप्पा नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट बोलायची राहते आणि ती बोलल्याशिवाय हे लिखाण अर्धवट होईल. गाझातल्या मुलांचे फोटो बघून माझ्याही पोटात खड्डा पडलाय, कितीतरी रात्री. ऑफिसमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण मोर्च्यांना जायची, तिच्याबद्दल मला राग नाही, तिच्या जागी मीही गेले असते कदाचित. पण २०२३ नंतर तिने मला हनुकाच्या शुभेच्छा देणं बंद केलं. आधी द्यायची, दरवर्षी, कानवल्यांची वाट बघायची. मुद्दाम नसेल केलं, तिला काय बोलावं कळत नसेल. माझ्या आजीच्या दिव्याचा कुठल्याच सरकारशी काही संबंध नाही, तो पेणला कुणीतरी तांबटाने घडवलेला, त्यात केरळातून आलेलं तेल आणि ठाण्यातल्या वाती. हे मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. त्या न विचारण्याचा जो गारठा आहे तो मला बाहेरच्या कुठल्या शिवीपेक्षा जास्त लागलाय.

त्याच आठवड्यात मी एक फोटो परत परत काढून बघितला. जर्मनीतल्या कील गावातला, १९३१ च्या हनुकाचा. तिथल्या राब्बाय अकिबा पोस्नर यांच्या पत्नीने, राहेल पोस्नर यांनी काढलेला. खिडकीत मेनोरा, आणि काचेतून पलीकडे रस्त्याच्या समोरच्या इमारतीवर स्वस्तिकाचा मोठा झेंडा. फोटोच्या मागे त्यांनी चार ओळी लिहिल्या, की झेंडा म्हणतोय यहुदा मरो आणि दिवा म्हणतोय यहुदा कायम राहील. १९३३ मध्ये ते कुटुंब तिथून निघालं म्हणून वाचलं. तो मेनोरा यरुशलेमच्या याद वाशेम या स्मारक-संग्रहालयात असतो आणि हनुकाला घरच्यांकडे परत येतो, २०२२ मध्ये नातवंडं तो घेऊन जर्मनीला गेली आणि बर्लिनला राष्ट्राध्यक्षांच्या निवासात तो पेटवला. हा फोटो लोक शूरपणाचा म्हणून पाठवतात, मलाही तीन ग्रुपवर आला. पण मी त्यात सारखं पडदे शोधत होते. त्या खिडकीला पडदे असणारच ना. राहेलबाईंना तीन मुलं होती. फोटो काढून झाल्यावर त्यांनी पडदा लावला असेल, की रात्रभर तसाच उघडा ठेवला असेल? काढताना हात कापला असेल? फोटोत ते कळत नाही, फोटो एकदम स्थिर आलाय.

आणि दुसरा एक माणूस, अहमद अल-अहमद. सीरियात जन्मलेला, सिडनीत फळांचं दुकान. तो बाँडायला गोळ्या चालू असताना गाड्यांच्या आडून वाकत गेला आणि बंदूकवाल्याच्या हातातली बंदूक हिसकावून घेतली, स्वतः गोळ्या खाल्ल्या. तो व्हिडिओ लेकीने मला दाखवला. तिने तो किती वेळा बघितला होता कोण जाणे. बघताना ती म्हणाली, "त्याला माहीत होतं का गं ते कोण लोक होते?" मी म्हटलं, माणसं होती एवढं तर दिसतच होतं. ती गप्प बसली.

दुसरी, तिसरी, चौथी रात्र पडद्याआड गेली. गुरुवारी पाचवी. हनुका येतोच असा की चंद्र उतरत जातो, मधे अमावस्या लागते, आणि आपण दिवे वाढवत जातो, दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली अमावस्या होती. नवरा ऑफिसात, लेकीची हॉकीची प्रॅक्टिस. मी रेडिएटरवरून बाटली घेतली, पेले भरले, खोलीभर खोबरेलचा वास सुटला, लहानपणी शाळेत जाताना आजी वेणी घालायची तसा. पाच वाती आणि वरचा शामाश लावला. आणि मग हात पडद्याला गेला आणि मी तो उघडला. काही ठरवलं नव्हतं. आजीचा नियम असा की दिवे लागल्यापासून अर्धा तास बायकांनी कामाला हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. मी खिडकीसमोर खुर्ची ओढून बसले.

तो अर्धा तास फार लांब होता. काचेवर माझा चेहरा आणि सहा ज्योती, त्यामागे ओला रस्ता. डिलिव्हरीवाला गेला. दोन मुली फोन बघत गेल्या. मग एक माणूस हूड घातलेला, हातात काहीतरी, आमच्या फाटकासमोर थांबला आणि बघायला लागला. माझ्या छातीत इतकं धडधडलं की मी उठून उभी राहिले, दाराची कडी लावलीय का ते आठवायला लागले, फोन हातात घेतला. तो खाली वाकला. कुत्रा होता त्याच्याबरोबर, कुंपणामुळे दिसत नव्हता. पिशवीत घाण उचलली, परत एकदा खिडकीकडे बघितलं, आणि गेला. त्याने का बघितलं मला माहीत नाही. मी बसले खाली. हात कापत होते. पडदा लावावासा वाटत होता, लावला नाही, पण त्याला हिंमत म्हणता येणार नाही, पाय उचलत नव्हते इतकंच.

तेवढ्यात लेक आली. दार उघडलं, बूट तसेच, हॉकी स्टिक भिंतीला टेकवली आणि खोलीच्या दारात उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. "कोपऱ्यापासून दिसतं," ती म्हणाली. मी विचारलं, लावू का पडदा? तिने उत्तर दिलं नाही. जाकीट न काढता माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली, तिच्या अंगाला बाहेरच्या थंडीचा आणि चिखलाचा वास येत होता. साखळी आत होती की बाहेर ते जाकिटामुळे दिसलं नाही. एका पेल्यातली वात काजळी धरून तडतडायला लागली तशी तिने पुढे होऊन बोटाने टिकली जरा सरकवली, आजी करायची अगदी तशी. तिने आजीला बघितलेलंही नाही.

फोन वाजला. आई. चेहरा नेहमीसारखा कॅमेऱ्याच्या फार जवळ, अर्धा कपाळ आणि चष्मा. आधी नातीला हाका मारल्या, मग दिवे मोजले, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि मग थोडा वेळ ती काही बोललीच नाही, नुसती बघत होती, आमच्याकडे आणि आमच्या मागच्या त्या काळ्या काचेकडे.

"आज नाही का येत थंडी?"

"येते," मी म्हटलं.